तुझ्या कमरेची निरगाठ

शेवंते, तुझी होडी बुडाली नाही. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस. पालथी पडली होती, पण तरंगत होती. हवेचे चारही डबे जागच्या जागी होते. तुझ्या जैनबने ते एकेक हलवून पाहिले आणि मला म्हणाली, "वयनी, आत थेंब नाय." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिलाही कळलं की आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो, म्हणून ती ओढणी तोंडाशी धरून उलट्या पावली निघून गेली.

तुझं तेरावं झालं. वसंता पोफळीहून दोन दिवसांची रजा काढून आला होता. आदल्या रात्री पिठलं-भात जेवताना म्हणाला, "आत्या एवढी पट्टीची पोहणारी. लाटेनं फसवलं तिला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. लाटेनं फसवलं नाही, शेवंते. निदान एकट्या लाटेनं नाही. हे वसंताला सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या हाताला लिहायची सवय नसते, पण तोंडानं सांगायला गेले की बाजाराचंच काहीतरी बोलून परत येते.

माझं माहेर लांज्याकडचं, सड्यावरचं. कातळ आणि काजू. पाणी बघितलं ते विहिरीचं, तेही वरून. लग्न होऊन खाडीवर आले आणि पहिल्याच दिवशी तू, सासरहून पांढऱ्या कपाळानं परत आलेली बावीस वर्षांची नणंद, मला म्हणालीस, "वयनी, चल, तुला पलीकडं फिरवून आणते." मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तू हसलीस. त्यानंतर एकतीस वर्षं तू मला होडीत बसायला सांगत राहिलीस आणि मी नाही म्हणत राहिले. तुझा भाऊ गिरणी बंद पडल्यावर मुंबईहून आला, दोन वर्षांत खोकून गेला, वसंता बायकोला घेऊन नोकरीला गेला, आणि घरात आपण दोघीच उरलो. तू कालवं आणि तिसऱ्या आणायचीस, मी बाजारात बसायचे. लोक म्हणायचे, नणंद-भावजय एका चुलीवर टिकत नाहीत. आपण भांडत टिकलो.

"वयनी, तू भातसुद्धा घाबरत घाबरत शिजवतेस," असं तू म्हणायचीस.

"आणि तू घाई घाई जेवतेस. मग पोट दुखतं तेव्हा ओवा कोण देतं?"

डबे तुझ्या डोक्यातून निघाले. वाडीतल्या एकीची होडी खाडीच्या मुखाशी पाण्यानं भरून तळाला गेली, बाई पोहत काठाला लागली, तिला लुगडं बदलायला आपल्याच घरी आणलं होतं. ती होडीसाठी रडत होती. तू तिच्यासमोर बसली होतीस आणि तुझं लक्ष आपल्या विहिरीत होतं. पाणी काढताना गोडेतेलाचा रिकामा डबा आत पडला होता, झाकण लावलेला. तो हलत-डुलत वर तरंगत होता.

दुसऱ्या दिवशी तू स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडे चार डबे घेऊन गेलीस आणि तोंडांना कथलाचा डाग मारून, बंद करून आणलेस. मग एकेक डबा दगड बांधून विहिरीत सोडलास आणि काठावर बसून राहिलीस. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. मी जेवायला हाक मारली तर म्हणालीस, "थांब. ह्या डब्याला पडसं झालंय." खरंच त्यातून एकेक बुडबुडा येत होता. तो परत नेलास आणि त्या माणसाशी भांडून पुन्हा डाग मारून आणलास. दोन डबे पुढे, दोन मागे, काथ्यानं आडव्या फळ्यांखाली असे आवळलेस की होडी उलटी केली तरी जागचे हलू नयेत. होडी भरली तरी बुडणार नाही, हे तू भर ओहोटीला पाण्यानं भरून सगळ्या वाडीला दाखवलंस.

तुझं काम इतकं चोख होतं. म्हणूनच मला भीती वाटते, शेवंते. वाईट काम असतं तर होडी आधीच कधीतरी तळाला गेली असती आणि त्या बाईसारखी तू पोहत आली असतीस.

दुसरी अर्धी गोष्ट माझी आहे. होडी बुडत नव्हती, पण मुखाशी लाटा फुटायच्या तिथं भरायची मात्र. तू एका हातानं वल्हं मारायचीस आणि दुसऱ्या हातानं करवंटीनं पाणी उपसायचीस. भिजून यायचीस, अंग तापायचं. मी सुनेच्या परकराचा नेफा शिवत बसले होते. मनात आलं, होडीला वरून कापड घातलं, बाई बसते तेवढंच भोक ठेवलं आणि त्या भोकाला नेफा करून नाडी ओवली तर? लाट वरून जाईल. मी तुला बोलले तेव्हा वाटलं तू हसशील. तू हसली नाहीस. माझ्या हातातली सुई काढून ठेवलीस आणि म्हणालीस, "वयनी, तू एवढी वर्षं हे डोक्यात ठेवून गप्प बसलीस?"

माझ्या भावानं लांज्याहून लॉरीची फाटकी ताडपत्री पाठवली. तिला आतून खताच्या प्लास्टिकच्या पोत्यांचं अस्तर लावलं. दाभणानं शिवली. शिवणींतून पाणी येऊ नये म्हणून त्यांवर काजूच्या टरफलाचं तेल चोपडलं, आणि माझी दहाही बोटं भाजल्यासारखी सोलून निघाली. लांज्याची पोरगी, काजूच्या बियांत वाढलेली, आणि फडकं गुंडाळायचं विसरले. चार दिवस तू मला भरवलंस. घास तोंडात घालताना म्हणालीस, "आता कळलं, नणंद कशाला असते ते?" मी म्हणाले, "मीठ कमी आहे." मी तेव्हा तुला दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. आज कळून काय उपयोग?

नाव जैनबने ठेवलं. धक्क्यावर तू होडीत बसलीस, मी वाकून नाडी बांधली, आणि ती ओरडली, "अगो, ह्यो तर होडीचा परकर!" त्या दिवशी तू कोरडी परत आलीस. महिन्याभरात पाच जणी माझ्या ओटीवर आल्या, आम्हालापण दे शिवून म्हणून. जैनब, लक्ष्मी आणि आणखी तिघी. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे काही मागायला आलं होतं. मी पाचही परकर शिवले. डबे तू बसवून दिलेस. दसऱ्याला सहा होड्या मुखाबाहेर खडकांवर गेल्या आणि कालवांनी भरून आल्या. मी काठावर अशी उभी होते, जणू मीच आरमार पाठवलं होतं.

आता गाठीचं सांगते.

पहिले आठ दिवस मी सुरगाठ बांधत होते. तू वल्हं मारताना कमरेतून वळायचीस, गाठ सुटायची, कापड ढिलं पडायचं आणि पाणी आत यायचं. तू म्हणायचीस, "येऊ दे थोडं." मला थोडं पाणी म्हणजे काय ते कळत नव्हतं. पाणी आत आलं म्हणजे शेवंता गेली, एवढंच माझ्या डोक्यात. मी निरगाठ मारायला लागले. तुला ते आवडलं नाही.

"वयनी, अशी आवळू नको. मला बाहेर पण यायचं असतं."

"बाहेर कशाला यायचंय? धक्क्यावर आलीस की मी सोडते."

"आणि मधेच उतरावं लागलं तर?"

"मधे काय दुकान आहे?"

त्यावरून आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, पाण्याबद्दल तुला काय कळतं, कधी घोटाभर पाण्यात तरी उतरली आहेस का. मी म्हणाले, शिवणाबद्दल तुला काय कळतं. तीन दिवस बोललो नाही. माझ्यामागून सगळ्या जणीही निरगाठच मारायला लागल्या, कारण परकर शिवणारी मी, म्हणजे मला जास्त कळतं, असं त्यांना वाटलं.

आणि हे ऐक. मी तुला हे सांगितलंच नाही. मला ठाऊक होतं. सुती नाडी भिजली की फुगते आणि निरगाठ दगडासारखी होते. हे धुणं धुणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. लहान पोरींच्या परकरांच्या ओल्या गाठी मी दातांनी सोडवल्यात. मला ठाऊक होतं आणि तरी मी मारत होते, कारण पाणी आत यायची भीती मला दिसत होती आणि दुसरी भीती दिसत नव्हती. मी कधी होडी उलटलेली मनात आणलीच नाही. डबे होते ना.

शेवटच्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, "सैल बांध." भांडलीसुद्धा नाहीस. तुला कंटाळा आला होता. मी तुझ्या उजव्या कुशीला निरगाठ मारली, वर अजून एक मारली, आणि तुझ्या पाठीवर थाप दिली. दुपारी जैनबच्या दिरानं तुला धक्क्यावर आणून ठेवलं.

चौथ्या दिवशी मी जैनबला गाठलं. ती अंगणात मासे वाळत घालत होती. तिचा नवरा आखातात असतो. घरात ती आणि सासू, दीर वेगळा राहतो. सासू आत आहे हे बघून मी विचारलं, "जैनब, गाठ कशी होती?"

"कशी म्हणजे? गेली ती गेली, वयनी. अल्लाची मर्जी."

"तुझ्या दिरानं सोडवली की कापली?"

तिनं दोन मासे उलटे केले. "कापली. कोयतीनं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "होडीखाली होती ती. नाडीच्या जवळची ताडपत्री नखांनी ओरबाडलेली होती. आता विचारू नको."

मी घरी आले. पण शेवंते, त्याच दिवशी दुपारी त्या पाच जणी होड्या घेऊन खाडीत होत्या. त्याच ताडपत्र्या, त्याच नाड्या, त्याच निरगाठी. तुला लाटेनं नेलं असंच त्यांनाही वाटत होतं.

मी आठ सकाळी गप्प राहिले. आठ सकाळी मी धक्क्यावर उभी राहून त्यांना जाताना बघितलं, आणि दुपारी येताना पाच मोजल्या. आज सांगू, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे सांगावं लागणार होतं की शेवंतेला मी बांधून पाठवलं. आठव्या दिवशी दुपारी चारच दिसल्या. पाचवी दिसेपर्यंत मी उभीच होते. ती लक्ष्मी होती. खडकावर होडी कलली होती, ती खडकाला धरून राहिली म्हणून सरळ झाली. हसत हसत सांगत होती. पंचवीस वर्षांची पोर, घरी तान्हं मूल. मी घरी येऊन विळ्याला धार लावली.

नवव्या सकाळी विळा घेऊन धक्क्यावर गेले.

"परकर काढा," मी म्हणाले.

"काय गो वयनी, सकाळी सकाळी परकर काढायला सांगतेस?" एक जण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. माझ्या हातातला विळा बघून थांबल्या. मग मी सांगितलं. सगळं. नाडीचं, गाठीचं, तू सैल बांध म्हणाली होतीस त्याचं. जैनब खाली बघत होती.

लक्ष्मीनं विचारलं, "कधी कळलं तुला?"

"चौथ्या दिवशी."

"म्हणजे आठ दिवस तू आम्हाला बांधून पाठवत होतीस."

"तुमच्या तुम्ही बांधत होता. पण होय."

तिनं आपला परकर उपसून माझ्या पायांवर फेकला. ओल्या ताडपत्रीचा फटका नडगीवर बसला. बरं वाटलं, खरं सांगते. मी पाचही नाड्या विळ्यानं कापल्या आणि कुणी अडवलं नाही.

मग जैनब बोलली. ती तुझीच मैत्रीण, तिलाही रडत बसता येत नाही. "आता पुढचं बोल. परकर नसला तर मुखाशी होडी भरतेय. खडकावर जायचंच नाय काय? खायचं काय?"

चार दिवस मी बसून विचार केला. गाठच नको, हे ठरलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, तिचं कडं केलं आणि नाडीच्या जागी नेफ्यात घातलं. रबर कमरेला धरतं, पण अंगानं जोर दिला की सोडतं. शिवाय पुढच्या बाजूला ताडपत्रीचा एक पट्टा शिवला, मुठीत मावेल एवढा, म्हणजे ओढला की सगळं सुटावं. पाचही परकर तसेच करून घेऊन गेले तर त्या पाच जणी माझ्याकडे आणि त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. कुणी हात पुढे करेना. त्यांचंही बरोबर होतं. मागचा परकरसुद्धा मी अशीच मिरवत घेऊन आले होते.

लक्ष्मी म्हणाली, "जिनं शिवला तिनं बसावं आधी."

जैनब म्हणाली, "वेडी झालीस काय? ती घोटाभर पाण्यात उतरत नाय."

"बसते," मी म्हणाले.

ओहोटी होती. धक्क्याच्या बाजूला पाणी कमरेएवढं. मी कासोटा घट्ट केला आणि तुझ्या होडीत बसले. एकतीस वर्षांनी. होडी माझ्याखाली जनावरासारखी हलली आणि मी जैनबचा हात असा धरला की तिच्या बांगड्या वाकल्या. एका बाजूला जैनब, दुसऱ्या बाजूला लक्ष्मी. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण उभी होती. परकर कमरेला चढवला. माझे दात वाजत होते. पाणी गार नव्हतं.

"वयनी, राहू दे," जैनब म्हणाली.

"पालथी करा. आणि मी बाहेर येईपर्यंत हात लावू नका."

"किती वेळ?"

"दहा मोज. मग काढ."

त्यांनी होडी पालथी केली.

लोक म्हणतात मरताना सगळं आयुष्य दिसतं. काही दिसत नाही, शेवंते. काळं आणि हिरवं पाणी, ते नाकातून डोक्यात घुसतं, आणि वर कुठं, खाली कुठं, ते कळत नाही. मला देव आठवला नाही, वसंता आठवला नाही, तूही आठवली नाहीस. फक्त हात. माझे हात समोरच्या पट्ट्याकडे गेलेच नाहीत. तो पट्टा मीच शिवला होता, सकाळपासून त्याच्याकडे बघत होते, तरी नाही गेले. ते उजव्या कुशीला गेले. तिथं गाठ नव्हती, आणि माझी बोटं तिथं गाठ सोडवत होती. कापड ओरबाडत होती. मग कधीतरी अंगानं झटका दिला, रबर सुटलं आणि मी चिखलात गुडघ्यांवर उभी राहिले, डोकं पाण्याबाहेर. लुगडं सुटलं होतं. पाची जणी ओरडत होत्या.

"सातच झाले!" जैनब म्हणाली. "सातच मोजले मी!"

मला सात म्हणजे किती ते आता कळतं. तुला किती झाले असतील ते मोजत नाही. मोजायला लागले की थांबता येत नाही.

मी माफी मागत नाही. तू दिलीस की नाही, हे कळायची सोय नाही, आणि आपण कधी एकमेकींची माफी मागितली नाही. दोन भांडणांच्या मधे एक कप चहा पुढे सरकवायचा, एवढंच आपल्याला येत होतं.

लक्ष्मीनं मला धरून काठावर आणलं, अंगावर कोरडं लुगडं टाकलं. आणि विचारलं, बऱ्याच दिवसांनी थेट माझ्याशी पहिला शब्द, "वयनी, कुशीला काय शोधत होतीस?" मी सांगितलं. मग तिनं आपला हात स्वतःच्या उजव्या कुशीवर ठेवला, तिथंच, आणि बाकीच्यांनीही ठेवला. एवढे दिवस त्याही तिथंच बांधत होत्या.

मी पाचही पट्टे उसवले आणि उजव्या कुशीला शिवले, कारण घाबरलेला हात तिथंच जातो. मग एकेकीला ओहोटीला पालथं केलं. प्रत्येकीला दोनदा. जैनबला तीनदा, कारण दुसऱ्या वेळी ती हसायला लागली आणि पाणी प्याली. सगळ्या सुटल्या.

आज सकाळी त्या खडकावर गेल्या. वारा दक्षिणेचा आहे, मुखाशी पांढरं दिसतंय. ऊन माडांच्या मधे आलं, म्हणजे परतायची वेळ झाली. लिहिणं इथं ठेवते आणि धक्क्यावर जाऊन उभी राहते. पाच मोजायच्या आहेत.